कोळसा गल्लीतली पाणपोई

ही गोष्ट खरी आहे.

आमच्याच घरात घडली आणि अजून संपलेली नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं, माझी काही हरकत नाही. गल्लीचं नाव बदललंय, माणसांचीही नावं बदलली आहेत. तारखा मात्र खऱ्या आहेत.

१ मे २०२३. घाटकोपर पश्चिम. संध्याकाळचे साडेपाच.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. लख्ख ऊन होतं आणि गल्लीत दोन-अडीचशे माणसं उभी होती.

हे आधीच सांगून ठेवते, कारण असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं तोवर मलाही वाटायचं.

जिच्या बाबतीत हे घडलं ती अनुपमाताई, माझी मोठी जाऊ. मुलुंडला आम्ही एकाच घरात राहतो. आमचं दोघींचं फार गूळपीठ होतं असं खोटं सांगणार नाही. ताई हुशार, तोंडाने फटकळ आणि समोरच्याकडून काम काढून घेण्यात पटाईत. सासूबाई म्हणायच्या, ही दगडाकडूनसुद्धा सही घेऊन येईल.

तिची नोकरीही तीच होती. सह्या आणण्याची.

कोळसा गल्ली म्हणजे जेमतेम दोनशे पावलांचा जुना रस्ता. पूर्वी तिथे कोळशाच्या वखारी होत्या. आता तोंडाशी बोहऱ्यांचं हार्डवेअरचं दुकान, मग कच्छी धान्यवाले, एक उडुपी हॉटेल, लाकडी जिन्याचं एका ईस्ट इंडियन ख्रिश्चन कुटुंबाचं घर, त्यामागे आमच्यासारख्या कोकणातल्या गिरणी कामगारांची चाळ आणि शेवटी बुद्धविहार. एका संस्थेने ही गल्ली नव्याने उभी करायचं काम घेतलं होतं. भिंतींची डागडुजी, रंग, सगळ्या दुकानांना एकसारख्या पाट्या, बसायला बाक, आणि प्रत्येक जुन्या जागेसमोर तिचा इतिहास सांगणारा एक फलक.

ताई या कामाची समन्वयक. पालिका, आर्किटेक्ट, दुकानदार, भाडेकरू, सगळ्यांना एका टेबलावर बसवायचं आणि बावीस जागांच्या बावीस सह्या गोळा करायच्या. एकही कमी पडली तर काम रद्द. तीन वर्षं ती त्यात बुडालेली होती. हे काम तडीस गेलं असतं तर संस्थेत तिची बढती नक्की होती.

एकवीस सह्या झाल्या.

बाविसावी जागा म्हणजे रत्नप्रभाबाईंची पाणपोई.

पत्र्याचं छप्पर, सिमेंटचा ओटा, त्यावर ओलं गोणपाट गुंडाळलेले तीन माठ आणि लांब दांड्याचं पितळी ओगराळं. बस्स. पेला नाही, ग्लास नाही. बाई ओट्याच्या मागे उभ्या राहायच्या आणि वरून धार धरायच्या. खाली तुम्ही वाकायचं, ओंजळ करायची, प्यायचं. कुणीही असो. हमाल असो नाहीतर गाडीतून उतरलेला साहेब. स्वतःची बाटली पुढे केली तर त्या शांतपणे म्हणायच्या, "बाटलीत नाही घालत. हात करा."

आर्किटेक्टच्या नकाशात त्या जागी बाक आणि स्टीलचा कूलर होता. पाणपोई हलवावी लागणार होती.

ताई गेली. बाई एकोणसत्तर वर्षांच्या, काटक, डोळे करडे. त्यांनी ताईला आधी पाणी पाजलं, ओंजळीनेच. मग म्हणाल्या, "तुम्ही सही मागताय. देते. पण माझं सांगणं पाटीवर लिहायचं. जसं सांगते तसं."

ताईने फोनवर रेकॉर्ड केलं. ते मी नंतर स्वतः ऐकलंय, म्हणून सांगू शकते.

"बहात्तरच्या दुष्काळात आलो आम्ही, जालन्याकडनं. मी अठराची. कुंडलिक, माझे मालक, इथं वखारीत गोण्या उचलायचे. मे महिना होता. म्या समोरच्या कापड दुकानाच्या पायरीशी पाणी मागितलं. त्यांनी गाव विचारलं. मग आडनाव विचारलं. मग म्हणाले, ओंजळ कर. अन् वरनं वतलं. इतक्या वरनं की तोंडात थोडं न् डोळ्यांत जास्त. पुन्हा मागितलं तर हसले. तवाच ठरवलं. पाणी आपण पाजायचं. सगळ्यांना पाजायचं, कुणाला नाही म्हणायचं न्हाई. पण ओंजळीनं. अठ्ठ्याहत्तरला ओटा बांधला, त्याच दुकानासमोर. पुढं एका उन्हाळ्यात ते शेठपण आले. वाकले. प्याले."

ताई म्हणाली, "मी स्वतः लिहीन हे. शब्द देते."

बाईंनी सही केली. वळणदार, मराठीत. रात्रशाळेत शिकल्या होत्या.

दुसऱ्याच आठवड्यात माठ डेब्रिजच्या टेम्पोतून गेले. बाई आपलं ओगराळं तेवढं घरी घेऊन गेल्या.

आता, ते कापडाचं दुकान चंद्रप्रकाश शेठच्या वडिलांचं. आणि चंद्रप्रकाश शेठ व्यापारी मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी ताईला दुकानात बोलावलं, फलकाचा मजकूर वाचला आणि घडी घालून परत दिला.

"मॅडम, हे कशाला? लोक फिरायला येणार, फोटो काढणार. पॉझिटिव्ह ठेवा ना."

"शेठ, मी शब्द दिलाय त्यांना."

"बावीसमधल्या चौदा सह्या आमच्या आहेत. आम्ही मागे घेतल्या तर तुमचं काय राहील?"

ताई घरी आली. दोन दिवस नीट जेवली नाही. हे मी तिच्या बाजूने सांगतेय, कारण तिला काहीच वाटलं नाही असं नव्हतं. पण तीन वर्षांचं काम होतं. तिने मनाची समजूत घातली की उद्घाटन पार पडू दे, मग हळूच फलक बदलून टाकू. सरकारी कामात असे बदल होतच असतात.

फलकावर छापलं गेलं: "येथे सन १९७८ पासून व्यापारी मंडळातर्फे पाणपोई चालविली जात असे."

एवढंच. एक ओळ.

२४ एप्रिलला फलक बसला. वर कागद चिकटवला होता. दुपारी ताई तिथे उभी असताना रत्नप्रभाबाई आल्या, त्यांनी नखाने कागदाचा कोपरा उचकटला आणि सावकाश वाचलं. दोनदा वाचलं.

"पाणी पाजलं मी," त्या म्हणाल्या. "नाव मंडळाचं."

"बाई, मी बदलणार आहे. थोडे दिवस थांबा फक्त."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. राग दिसत नव्हता, आवाजही चढला नव्हता. ताई म्हणते, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आता तुम्हाला कोण पाजतंय ते मी बघते," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

२७ एप्रिलला त्या वारल्या.

ताईने हार पाठवला. स्वतः गेली नाही.

आणि मग उजाडला १ मे. रंगवलेल्या भिंती, पताका, सनई. स्टेजवर पाहुणे. पाचला फलकावरचा पडदा बाजूला झाला, टाळ्या झाल्या. चंद्रप्रकाश शेठ बोलायला उभे राहिले. ताई स्टेजच्या कडेला होती. मी आणि सासूबाई तिसऱ्या रांगेत.

शेठनी घसा खाकरला. बाटली उचलली, प्याले. दोन वाक्यं बोलले. पुन्हा प्याले.

तिसरी बाटली उघडली तेव्हा लोक हसले. शेठही हसले. सहावी बाटली उघडली तेव्हा कुणी हसलं नाही.

त्याच वेळी ताईच्या कानावर आलं...

टक्.

माठाच्या काठावर ओगराळं टेकल्याचा आवाज.

तिने वळून पाहिलं. मागे बाक होता आणि कूलर होता. माठ कुठेच नव्हते. आणि तिच्या तोंडाला कोरड पडली.

तिने कूलरचं पाणी घेतलं. एक ग्लास, दुसरा, चौथा. पाणी गार होतं, घशाखाली उतरत होतं. तहान मात्र होती तशीच राहिली.

सुरुवातीला आम्ही सगळे म्हणालो, ऊन लागलं असेल.

दुसऱ्या दिवशी फ्रिजमधल्या सगळ्या बाटल्या दुपारी बारापर्यंत रिकाम्या. मी चिडले, उगाच कशाला खोटं बोलू. भरायच्या मीच होत्या ना. तिसऱ्या दिवशी तिने पिंपाला तोंड लावलं. साखर तपासली, नॉर्मल. किडनी, थायरॉईड, सगळं नॉर्मल. आणि ताईचे ओठ उलून रक्त यायला लागलं. जीभ टाळ्याला चिकटून बोलता येईना. डॉक्टर म्हणाले, एवढं पाणी पिऊ नका, अंगातलं मीठ धुऊन जाईल, जिवावर बेतेल. मोजून द्या.

मोजून देणार कसं? ती मोरीतल्या बादलीपाशी जाऊन बसायची.

सासूबाईंनी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. काही फरक पडला नाही. रात्री मला म्हणाल्या, "बाय माझ्या, ह्यां आजारपण न्हय. हेका डाक्टर काय करतलो?"

सहा मेला ताईचा फोन वाजला. चंद्रप्रकाश शेठ. तिने स्पीकरवर टाकला, कारण फोन कानाशी धरायचंही तिला त्राण नव्हतं.

"मॅडम, तुम्हाला पण होतंय का?"

ताईने तोंडाला लावलेला तांब्या खाली घेतला.

"ती येते. दुपारी. पलंगाच्या पायाशी उभी राहते. हातात ते लांब दांड्याचं आहे, भरलेलं. मी हात पुढे करतो, मॅडम. ओंजळ करतो. ती वर धरते..."

शेठ रडत होते.

"...आणि ओततच नाही."

नऊ मेला शेठ गेले. पाणी पिऊन पिऊन गेले. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं की सोडियम फार खाली गेलं होतं. हे वैद्यकशास्त्रात बसतं, मी वाचलंय. जे बसत नाही ते त्यांच्या मुलाने, सौरभने सांगितलं. शेठचे दोन्ही हात ओंजळीत आखडले होते. तिरडी बांधेपर्यंत चार माणसांनी प्रयत्न केला. सरळ झाले नाहीत.

त्या फलकाची खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. एक गेला होता.

दहा तारखेला मी ताईला रिक्षात घालून रत्नप्रभाबाईंच्या मुलीकडे नेलं. माधुरी, चेंबूरच्या एका हॉस्पिटलात नर्स. दार उघडलं, आम्हाला ओळखलं, आत घेतलं. भिंतीवर बाबासाहेब, बुद्ध आणि शेजारी नवीनच लावलेला आईचा फोटो. तिने रीत म्हणून दोन ग्लास पाणी पुढे ठेवलं. ताईने ग्लासाकडे पाहिलं आणि तिला हुंदका फुटला.

"तुमच्या आईला सांगा ना," ताई म्हणाली. "सांगा की चुकलं माझं."

माधुरी समोर स्टुलावर बसली.

"आम्ही बौद्ध आहोत, ताई. आमच्यात आत्मा वगैरे मानत नाहीत. आई तर मुळीच मानायची नाही. मेलेलं माणूस परत येत नाही."

"मग हे काय होतंय मला?"

"ते तुमचं तुम्ही बघा." मग ती आईच्या फोटोकडे बघत बोलली. "आई कशाने गेली माहितेय? त्या दिवशी पाटी वाचून आली आणि तिने पाणी सोडलं. तीन दिवस. मी ड्यूटीवर असायचे, घरी यायचे तर ग्लास रिकामा दिसायचा. मोरीत ओतून टाकत होती. मी नर्स आहे, ताई. आणि मला कळलं नाही."

ती रडली नाही. मला मात्र तिच्याकडे बघवेना. माझा राग त्या क्षणी भुतावर नव्हता, शेजारी बसलेल्या माझ्या जावेवर होता.

निघताना माधुरी दारात म्हणाली, "आई जे बोलली ते लिहा. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही. ते खरं आहे म्हणून."

फलक बदलायचा म्हणजे पुन्हा बावीस सह्या. नियमच तसा होता, आणि तो ताईनेच करून घेतला होता. दहा दिवस ती त्या गल्लीत हिंडली. मी बरोबर. जीभ सुजलेली, ओठांवर खपल्या, बोलता येत नव्हतं म्हणून ती फोनवरचं रेकॉर्डिंग लावायची आणि कागद पुढे करायची. बोहरी चाचांनी पूर्ण ऐकलं, डोळे पुसले, सही केली. धान्यवाल्यांनी ऐकलंही नाही, आधी सही केली. शेठचे हात सगळ्यांनी पाहिले होते.

बाविसावी सही माधुरीने आईच्या जागी केली. एकविसावी सौरभची. त्याने कागद तीनदा वाचला.

"पप्पा शेवटी सारखं एकच म्हणत होते," तो म्हणाला. "तुझे आजोबा हसले होते."

वीस मेला नवा फलक बसला. रत्नप्रभाबाईंचं नाव, त्यांचे शब्द, जसेच्या तसे.

दुपारचे पावणेतीन. गल्ली सामसूम, अर्धी शटरं खाली. ताई फलकासमोर उभी. मी तिला दंडाला धरलेलं. तिने बाटली तोंडाला लावली, प्यायली, आणि मान हलवली. नाही. काही नाही.

आणि मग मला ऐकू आलं. यावेळी मलाही...

टक्.

अगदी जवळून. बाकाच्या मागून.

ताईने बाटली खाली ठेवली. ती आपणहून गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हात जोडून ओंजळ केली. मी म्हणाले, ताई, काय करतेस, लोक बघतील. तिचं लक्ष नव्हतं. ती वर बघत होती.

एक मिनिट गेलं असेल. दोन.

मग तिच्या ओंजळीत पाणी पडलं.

धार. बोटाएवढी जाड, सलग, वरून. कुठून, ते मला दिसलं नाही. वर छप्पर नाही, पाइप नाही, आभाळ कोरडं ठणठणीत. धार हवेतच सुरू होत होती आणि तिच्या हातात पडत होती. ती पीत होती, कोपरांवरून ओघळ वाहत होते. माझ्या साडीवर थेंब उडाले. थेंब गार होते. माठातलं पाणी असतं तसे.

ती प्यायली आणि तिथेच बसून मोठ्याने रडली. एकोणीस दिवसांनी तिची तहान भागली होती.

आम्हाला वाटलं, सुटलो.

संध्याकाळी घरी तिने ग्लासने पाणी प्यायलं... आणि माझ्याकडे बघितलं. तिची नजर पाहूनच मला कळलं.

मी तांब्या भरून आणला. म्हटलं, बस खाली, हात कर. ती बसली. मी वरून ओतलं. ती प्यायली आणि निवली.

तेव्हापासून हे असंच आहे. तीन वर्षं होत आली. ग्लासने, बाटलीने, भांड्याने तहान भागत नाही. दुसऱ्या कुणीतरी वरून ओतायचं, हिने खाली बसून ओंजळीने प्यायचं, तरच. नोकरी सुटली. लग्नाकार्याला जाता येत नाही. परक्या घरी गेलं तर कुणाला सांगायचं की मला वरून पाणी घाला? लोक विचित्र बघतात. एका नातेवाईकाने तर तोंडावर विचारलं, हिला काय विटाळ आहे का? ती उपाशी उठून आली.

रत्नप्रभाबाईंनी तिला मारलं नाही. जिवंत ठेवली, आणि जन्मभर ओंजळ करायला लावली. मला विचाराल तर त्यांचा राग मला चुकीचा वाटत नाही. मी रोज फलकापाशी जाऊन नमस्कार करते.

घरात पाणी घालायचं काम माझ्याकडे आहे. दीर कामावर असतात, सासूबाईंचे हात थरथरतात. दिवसातून सात वेळा. पहिल्या वर्षी मी तांब्या तिच्या हातांच्या वितभर वर धरायचे. तेवढं पुरतं.

गेल्या दिवाळीच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की तांब्या माझ्या छातीशी येतो. मी म्हटलं, सवय असेल.

संक्रांतीला तो खांद्यापर्यंत आला.

मी मुद्दाम करत नाही. आमचं पूर्वी पटायचं नाही हे खरं, पण आता मला तिची कीव येते. तरीही हात वर जातो. मी खाली घेते, तो पुन्हा जातो.

परवा दुपारी तांब्या माझ्या डोक्याच्या वर होता. पाणी तिच्या तोंडात कमी आणि कपाळावर जास्त पडत होतं. मी हात खाली ओढायला गेले... आणि तो खाली आला नाही. मनगटाला कुणीतरी धरल्यासारखा. गार, ओल्या बोटांनी.

ताईने मान वर केली. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्याच्या मागे बघत होती. आणि तिने हात जोडूनच ठेवले होते.

तांब्या रिकामा झाला तेव्हाच माझा हात सुटला.

आता सहा वाजत आलेत. तिला पाणी द्यायची वेळ झाली आहे. ती मोरीपाशी जाऊन बसली आहे, आणि मी अजून तांब्या उचललेला नाही.